मत कुणाचे, बोट कुणाचे?

आमच्या घरात माणसे किती, ह्या साध्या प्रश्नाला मी प्रसंग पाहून उत्तर देते. दूधवाल्याला विचाराल तर तीन. सोसायटीच्या वहीत चार. सासूबाईंना विचाराल तर पाच, कारण दोहाला नर्स असलेली माझी धाकटी नणंद त्यांच्या हिशेबात अजून घरातच आहे. दिवाळीचा फराळ मीही पाचांचाच करते, आणि दोघांच्या वाटणीचा डब्यात भरून जाणाऱ्यायेणाऱ्यांबरोबर धाडते.

हे मस्कतला नोकरीला लागले त्याला सहा वर्षे झाली. अंधेरीच्या आमच्या भागात अशी घरे काही कमी नाहीत. आमच्या एका इमारतीतच तीन निघतात. अशा घरातल्या बायकांना हळूहळू सगळ्या कागदांची सवय होते. बँक, गॅस, विम्याचा हप्ता, शाळेचा फॉर्म, सगळीकडे आपलीच सही. 'साहेब कुठे असतात?' ह्या प्रश्नाचेही काही वाटेनासे होते. पण गेल्या वर्षी एका दुपारी एक बाई दाराशी आल्या, त्यांनी हाच प्रश्न विचारला, आणि मी उत्तर देताना अडखळले.

त्या मतदार यादी घेऊन आल्या होत्या. एकेका मतदान केंद्रापुरती यादी सांभाळणारी ही माणसे, ज्यांना आपण बी.एल.ओ. म्हणतो, बहुधा शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका असतात. ह्याही शाळेतल्याच निघाल्या. मी अर्धवेळ का होईना, शिकवते; त्यामुळे शाळेचे काम संपवून उन्हात जिने चढणाऱ्या बाईंना आधी बसवून कोकम सरबत दिले. मग त्यांनी यादी उघडली आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला सुरुवात केली. सासूबाईंचे झाले, माझे झाले. ह्यांचे नाव वाचून त्यांनी वर पाहिले.

"हे इथंच राहतात ना?"

"हो... म्हणजे नोकरी मस्कतला आहे. वर्षातून एकदा येतात महिनाभर."

त्यांची पेन्सिल थांबली. "मग हे नाव असं इथं ठेवता येत नाही हो."

सासूबाई आतून पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ठेवता येत नाही म्हणजे? माझा मुलगा आहे तो. ह्या जागेचे हप्ते कोण भरतंय?"

"आजी, जागा त्यांचीच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण यादी जागा कुणाची ते विचारत नाही. माणूस राहतो कुठं, तेवढंच विचारते."

सासूबाई गप्प झाल्या, पण पटले नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मलाही पटायला दोन दिवस लागले. मग मी नेहमीप्रमाणे माहिती काढायला बसले. शाळेत नागरिकशास्त्राचे तास माझ्याकडे असतात, आणि एखादी गोष्ट मुलींना सांगता येईल इतकी समजली नाही तोवर मला चैन पडत नाही.

समजले ते असे. आपल्याकडे मतदार व्हायला १८ वर्षे पूर्ण आणि भारताचे नागरिकत्व पुरत नाही. त्या भागाचा 'सर्वसाधारण रहिवासी' असावे लागते. चार दिवस गावाला गेले, बाळंतपणाला माहेरी गेले, म्हणून कुणी नाव काढत नाही; तात्पुरते बाहेर राहिल्याने रहिवास तुटत नाही, असे कायद्यातच आहे. पण नोकरीसाठी वर्षानुवर्षे परदेशी राहणारा माणूस ह्यात बसत नाही. पूर्वी अशा माणसाचे नाव निघाले की निघाले. २०१० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि फेब्रुवारी २०११ पासून परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना यादीत वेगळी जागा मिळाली. अट एकच, त्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नसावे. म्हणजे अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेल्या चुलतभावाला आपल्याकडे मत नाही, त्याच्याजवळ ओसीआय कार्ड असले तरी नाही. पण मस्कतच्या, दोह्याच्या, दुबईच्या आपल्या माणसांना आहे.

त्यासाठी भरायचा तो 'नमुना ६-अ'. पैसे पडत नाहीत. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो, किंवा टपालाने आपल्या मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. सोबत पासपोर्टच्या फोटोच्या आणि पत्त्याच्या पानाच्या, तसेच व्हिसाच्या पानाच्या प्रती जोडायच्या. टपालाने पाठवायच्या असतील तर त्यांवर स्वतःची सही हवी. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे, तोच मतदारसंघ. मग बी.एल.ओ. त्या पत्त्यावर येऊन घरच्यांकडे चौकशी करतात. पूर्वीचे मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावे लागते आणि नवे मिळत नाही. मतदानाला पासपोर्टच दाखवायचा, तोही अस्सल. नाव यादीच्या अगदी शेवटी, परदेशस्थ मतदारांच्या वेगळ्या विभागात येते. कायमचे परत आले की सर्वांसारखा साधा नमुना ६ भरून पुन्हा आपल्या जागी.

आमच्या घरी इथेच पहिली मेख निघाली. ह्यांचा पासपोर्ट काढला तेव्हा आम्ही जोगेश्वरीच्या चाळीत होतो. ती चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. पासपोर्टवर मात्र अजून तोच पत्ता, खोली नंबरासकट. चौकशीला येणाऱ्या माणसाने जायचे कुठे? तेव्हा आधी पासपोर्टवरचा पत्ता बदलायचा आणि मग ६-अ, असा क्रम लागला. नणंदेचा पासपोर्ट नंतरचा, अंधेरीच्या पत्त्याचा. तिचे काम सरळ होते. सासूबाई म्हणाल्या, "बघा, मुलगा राहिला आणि मुलगी आधी लागली यादीला." त्यात तक्रार होती की कौतुक, ते मला कळले नाही.

आता तुम्ही म्हणाल, नाव लागले, प्रश्न मिटला. मैत्रिणींनो, खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. कारण नाव यादीत घालायला सरकारने परवानगी दिली, पण मत द्यायला माणसाने स्वतः इथेच यायचे आहे. आपल्या वॉर्डातल्या शाळेत, आपल्या खोलीसमोरच्या रांगेत, पासपोर्ट हातात धरून. वकिलातीत मत देता येत नाही. टपालानेही नाही.

मस्कत तसे लांब नाही. विमानात बसल्यावर तीन तासांच्या आत माणूस उतरतो. आमच्या अंधेरीहून रत्नागिरीला जायला ह्याच्या दुप्पट वेळ जातो. पण अंतर तासांत मोजायचे नसते. २०२४ च्या लोकसभेला मुंबईचे मतदान २० मे रोजी होते. वार सोमवार. तिकडे सुटी शुक्रवार-शनिवार, म्हणजे सोमवारी भर कामाचा दिवस. त्यात मे महिना, आपल्याकडच्या शाळांच्या सुट्या, तिकिटांचे भाव चढलेले. वर्षातून एकदा मिळणारी रजा गणपतीला घालवायची, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला, की मतदानाला? घरोघरच्या बायका ह्याचे उत्तर मनात ठरवून मोकळ्या झालेल्या असतात.

आकडे तेच सांगतात. सव्वा कोटीहून अधिक भारतीय नागरिक देशाबाहेर राहतात. त्यांपैकी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवलेले होते साधारण १ लाख १९ हजार. आणि प्रत्यक्ष येऊन मत दिले ते तीन हजारांच्या आत! २०१९ साली हाच आकडा २५ हजारांच्या पुढे होता. दोन्ही वेळा आलेल्यांत बहुतेक सगळे केरळचे. तिकडे घरटी एक माणूस आखातात, त्यांच्या संघटना बळकट. मतदारांसाठी विमानातल्या जागा एकगठ्ठा घेतल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. आपल्या कोकणातून, भेंडीबाजारातून, अंधेरी-कुर्ल्यातून पिढ्यान् पिढ्या माणसे आखातात जात आली आहेत. पण मतासाठी विमान ठरवावे, असे आपल्याकडे कुणाच्या मनात आलेले ऐकले नाही.

"एका मतानं काय होतंय?" असे हे फोनवर म्हणाले. दुसऱ्या कुठल्या मतदारसंघात कदाचित चालून गेले असते. आमचा मतदारसंघ मुंबई वायव्य. जोगेश्वरी, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा आणि दोन्ही अंधेऱ्या मिळून तो होतो. ४ जून २०२४ च्या रात्री इथे काय झाले ते तुम्हाला आठवत असेल. यंत्रांतली मते मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर ह्यांना ४ लाख ५१ हजार ९५ आणि रवींद्र वायकर ह्यांना ४ लाख ५१ हजार ९४. फरक एका मताचा! मग टपाली मते धरली. त्यांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. शेवटी वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्यावरून पुढे कोर्टकचेरी झाली. ती ज्यांची त्यांना लखलाभ. मी हे गणित नववीच्या फळ्यावर मांडले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या चाळीत एका मजल्यावर अठ्ठेचाळीस माणसं आहेत!" परदेशी असलेली आमच्या भागातली माणसे मोजायला बसले तर दोन गल्ल्यांत अठ्ठेचाळीस भरतील. त्यांनी कुणाला मत दिले असते हे मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसावे हेच बरे. पण ज्या निवडणुकीचा निकाल टपालाने आलेल्या कागदांवर लागला, तिथे टपालाने मत धाडायची सोय कुणाला आहे आणि कुणाला नाही, हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही.

सोय कुणाला आहे? सैन्यातल्या जवानांना आहे. परदेशातल्या भारतीय वकिलातींतल्या सरकारी नोकरांना आहे. निवडणुकीच्या कामावर नेमलेल्यांना आहे. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरच्या वृद्धांना आणि अपंगांना घरी बसून मत देता आले. आमच्या शेजारच्या आजोबांकडे माणसे पेटी घेऊन आली, आणि आजोबांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला. म्हणजे मत माणसाकडे जाऊ शकते, हे आपल्या निवडणूक आयोगाने करून दाखवले आहे. मस्कतच्या वकिलातीतला कारकून मस्कतहून मत देऊ शकतो. त्याच शहरात नोकरी करणारे आमचे हे देऊ शकत नाहीत.

असे नाही की कुणी प्रयत्नच केला नाही. आखातातल्या आणि इंग्लंडमधल्या भारतीयांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केले. ९ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेने एक विधेयक मंजूरही केले. त्यात परदेशस्थ मतदाराला आपल्या वतीने मत द्यायला इथला एखादा माणूस नेमण्याची मुभा होती. ते राज्यसभेतून पुढे गेले नाही, आणि २०१९ साली लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते आपोआप रद्द झाले.

प्रतिनिधीने मत देण्याची ही पद्धत आपल्याकडे अगदी नवी नाही. सैन्यदलातल्या मतदारांना ती २००३ पासून आहे. गावाकडचा भाऊ, बाप, बायको कुणालाही जवान नेमू शकतो. अशा बदली मतदाराला शाई लावतात ती डाव्या हाताच्या मधल्या बोटाला, कारण तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी राखलेली असते. तर्जनी माझी, मधले बोट दुसऱ्याचे!

हे मी रविवारच्या फोनवर सगळ्यांना सांगितले. रविवारी संध्याकाळी मस्कत, दोहा आणि अंधेरी एकाच पडद्यावर जमतात.

"अरे वा, म्हणजे तो कायदा झाला असता तर मी तुलाच नेमलं असतं," हे म्हणाले. "मात्र मी सांगेन त्यालाच द्यायचं हं मत!"

"आणि मी नाही दिलं तर? आत तुम्हाला कोण दिसणार आहे?"

हे हसले, पण मला वाटले, थोडे कमीच हसले. आमची मते काही सगळीकडे जुळत नाहीत. दोन्ही मते मी एकाच बटणावर दिली असती की वेगवेगळ्या? ज्याची निवड मला पटत नाही त्याला ह्यांच्या नावाने मत द्यायला माझा हात गेला असता का? गेला नसता, तर ह्यांचे मत ह्यांचे राहिले असते का? आणि गेला असता, तर ह्यांचे मत निदान मला तरी गुप्त राहिले असते का? दोन्हीकडून काहीतरी जातेच.

नणंद इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "दादाचं ठीक आहे. माझं मत कुणाच्या हातात देणार तुम्ही?"

कुणी पटकन बोलले नाही. घरात ज्याच्या त्याच्या मनात एकच उत्तर आले असणार. दादा इथे असता तर दादा. बाबा असते तर बाबा. उद्या तिचे लग्न झाले तर सासरे किंवा दीर. दोह्याच्या रुग्णालयात रात्रपाळीला एकटी सगळा वॉर्ड सांभाळणाऱ्या मुलीचे मत इथे कुणीतरी पुरुष, घरातला कर्ता म्हणून, आपल्या मधल्या बोटाने देणार!

"मी नाही देणार कुणाला," ती म्हणाली. "त्यापेक्षा नाही दिलं तरी चालेल."

आणि मग सासूबाई बोलल्या. त्या अशा गप्पांत सहसा पडत नाहीत. "तुमच्या आजोबांनी आम्हा सगळ्या बायकांना रांगेनं उभं करून सांगितलं होतं, कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा ते. माझं पहिलंच मत. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्ही तिघी जावा आणि सासूबाई, एका रांगेत गेलो शाळेत."

"मग?"

"मग काय! मारला शिक्का."

"आजोबांनी सांगितलेल्या चित्रावर?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "पडद्याच्या आत मी एकटी होते," एवढेच त्या म्हणाल्या. सत्तरीला टेकलेल्या माझ्या सासूबाईंनी ही गोष्ट आजवर कुणालाही सांगितली नव्हती, स्वतःच्या मुलांनासुद्धा नाही. हे तिकडे मस्कतला तोंड उघडे टाकून बघत राहिले होते.

त्या रात्री मला झोप येईना. आपल्या बायकांच्या मताची गोष्ट किती काळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून फिरत आली आहे! मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळाले १९२१ साली, पण मालमत्तेच्या अटीवर. आणि मालमत्ता बायकांच्या नावावर होती कुठे? १९३५ च्या कायद्याने जास्त बायकांना मत दिले ते पुष्कळदा नवऱ्याच्या मालमत्तेवर. म्हणजे अमक्याची बायको म्हणून मत. स्वातंत्र्यानंतर सगळ्यांना सरसकट, आपल्या स्वतःच्या हक्काने मत मिळाले. तरी पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना सुकुमार सेन ह्या पहिल्या मुख्य निवडणूक आयुक्तांपुढे पेच उभा राहिला. उत्तरेकडच्या कितीतरी बायका स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. सेनांनी ती नोंद मान्य केली नाही. नाव सांगा, नाहीतर यादीत जागा नाही. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावे गळली. तेव्हा ते कठोर वाटले असेल. पण पुढच्या वेळी बायकांनी नावे सांगितली.

ह्याचे एक शेपूट मात्र अगदी परवापर्यंत राहिले होते. जवानाची बायको त्याच्याबरोबर राहत असेल तर तिलाही सैनिक मतदार म्हणून नाव घालता येई. पण सैन्यातल्या बाई अधिकाऱ्याच्या नवऱ्याला ती सोय नव्हती, कारण कायद्यात शब्दच 'पत्नी' असा होता. नवऱ्याने बायकोबरोबर बदलीच्या गावी राहावे, ही कल्पना कायदा करणाऱ्यांना सुचलीच नसावी. २०२१ साली तो शब्द बदलून 'पती किंवा पत्नी' अशा अर्थाचा केला, तेव्हा कुठे दोघांना सारखे मोजले गेले.

म्हणून मला वाटते, तो बदली मतदाराचा कायदा झाला नाही, ह्याचे बायकांनी तरी वाईट वाटून घेऊ नये. आपल्या देशातून नर्स, शिक्षिका, घरकाम करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने परदेशी जातात. त्यांचे मत पुन्हा माहेरच्या किंवा सासरच्या कुणाच्या तरी बोटाला लावून द्यायचे, तर आपण निघालो कुठून आणि पोचलो कुठे? मत माणसापर्यंत गेले पाहिजे. ते दुसऱ्या माणसाकडे देऊन चालणार नाही.

आणि ते जाऊ शकते. फिलिपाईन्स हा आपल्यासारखाच, माणसे परदेशी पाठवणारा देश. हाँगकाँगच्या घरांतून मुले सांभाळणाऱ्या आणि सौदीच्या इस्पितळांतून नर्सचे काम करणाऱ्या त्यांच्या बायका पुष्कळ. २००३ साली त्यांनी कायदा केला आणि २००४ च्या निवडणुकीपासून ह्या बायका आपापल्या देशाच्या वकिलातीत जाऊन नाहीतर टपालाने मत देऊ लागल्या. आपल्याकडे जवानांसाठी २०१६ पासून एक पद्धत आहे. मतपत्रिका संगणकावरून जाते, मतदार ती छापून घेतो, खूण करतो आणि टपालाने परत पाठवतो. हीच सोय परदेशस्थ मतदारांना देता येईल, असे निवडणूक आयोगाने २०२० च्या नोव्हेंबरात सरकारला लिहिलेही होते. अजून तिचा पत्ता नाही.

अडचणी आहेत, हे मान्य. मजुरांच्या छावणीत एका खोलीत दहा-दहा माणसे राहतात. कित्येकांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतात. तिथे कागदावर खूण करताना शेजारचा डोकावणार नाही, मुकादम सांगणार नाही, ह्याची हमी कोण देणार? सासूबाईंना निदान तो पडदा होता. म्हणून मला स्वतःला टपालापेक्षा वकिलातीतली खोली बरी वाटते. आपला पडदा, आपली पेटी, आपली शाई. सगळ्यांना तिथवर जाता येणार नाही. पण मस्कतहून मस्कतच्या वकिलातीत जाणे हे मस्कतहून अंधेरीच्या शाळेत येण्यापेक्षा सोपे नाही का?

आमच्या शेजारच्या काकूंचे म्हणणे वेगळे. त्या म्हणतात, "इथले खड्डे आम्ही तुडवायचे, पाण्यासाठी पहाटे आम्ही उठायचं, आणि मत देणार तिकडे एसीत बसणारे?" ह्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पण काकूंचा मुलगा टोरांटोला आहे. तो उद्या तिथला नागरिक होईल आणि तिथे मत देईल. आखातात तसे नाही. हे मस्कतला आणखी वीस वर्षे राहिले तरी तिथले नागरिक होण्याची आशा जवळपास नाही. काम संपले की परत इथेच. म्हणजे जगाच्या पाठीवर ह्यांना मत असेल तर ते एकाच ठिकाणी, इथे. ह्यांची मुलगी इथल्या शाळेत जाते, ह्यांची आई इथल्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवते. खड्डे ह्यांचेही आहेतच, दर महिन्याला पैसे धाडून ते भरतात एवढेच.

तेव्हा तूर्त आपल्या हातात काय आहे? नाव. यायला जमो न जमो, नाव घालून ठेवावे. सव्वा कोटीतले फक्त सव्वा लाख नोंदवतात, आणि त्यातलेही तीन हजार येतात, म्हटल्यावर सरकारला घाई कशाची वाटणार? यादीतली नावे वाढली तर विचारायला तोंड तरी राहील. ज्यांच्या घरातले कुणी परदेशी आहे त्यांनी एवढे करावे. त्यांच्या पासपोर्टवरचा पत्ता आजचा आहे का ते आधी बघावे. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी बदलून घ्यावा. मग ६-अ भरायला लावावा आणि कागदांच्या प्रती घरी एका फाइलीत ठेवाव्यात, चौकशीला माणूस आला की हाताशी असतात. यादी प्रसिद्ध झाली की शेवटच्या पानापर्यंत जाऊन नाव बघावे, कारण ते आपल्या नावांच्या ओळीत सापडणार नाही. आणि बी.एल.ओ. दाराशी आल्या की खरे तेच सांगावे. नाव टिकावे म्हणून 'इथंच असतात' असे सांगायचा मोह होतो. पण खोट्या पत्त्यावरचे नाव केव्हातरी निघतेच, आणि यादी सांभाळणाऱ्या बाईची नोकरी त्यात पणाला लागते.

नणंदेचे नाव लागले. शेवटच्या पानावर, अगदी खाली. तिला फोटो काढून पाठवला तर उत्तर आले, "स्पेलिंग बरोबर आहे ना, ते नीट बघ वहिनी." ह्यांच्या पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षी संपते, तेव्हा पत्ता बदलेल. लोकसभेची पुढची निवडणूक २०२९ साली आहे. तोवर वकिलातीत पेटी आली तर उत्तमच. नाही आली, तर नणंद म्हणते ती यायचेच ठरवून आहे, रजा आतापासून साठवते आहे. ह्यांचे अजून 'बघू' चालले आहे.